'आलम आरा'ची भाषा कोणती? हिंदी, उर्दू, हिंदुस्तानी आणि बॉलिवूड या नावांची गोष्ट

आमच्या जुन्या शहरात, उर्दू माध्यमाच्या वर्गात, एक प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी हमखास निघतो. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात छापलेलं असतं: भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', साल १९३१, भाषा हिंदी. मुलं पाठ करतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "सर, 'आलम' आणि 'आरा' हे दोन्ही शब्द तर आपल्या उर्दूच्या पुस्तकात आहेत. मग भाषा हिंदी कशी?"

आम्ही बरीच वर्षं हा प्रश्न "परीक्षेत आहे तसं लिही" म्हणून टाळला. पण तो टाळण्यासारखा नाही. आपल्या घरातल्या पोराच्या कानावर सगळ्यात जास्त उर्दू पडतं ते सिनेमातून, गाण्यातून. इश्क, इंतजार, वफा, किस्मत, जुदाई हे शब्द त्याला गालिबच्या धड्याआधी मोबाइलवर भेटतात. आणि त्यालाच आपण सांगतो की हे उर्दू नाही, ही हिंदी. मग त्याच्यासाठी उर्दू म्हणजे काय उरतं? शाळेचं पुस्तक, जलशाचं पोस्टर आणि दादाजानचं वर्तमानपत्र. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू ही मातृभाषा नोंदवली आहे. एवढ्या घरांतल्या मुलांना आपली जबान पडद्यावर ओळखू येऊ नये, ही गोष्ट लहान नाही.

म्हणून या सिनेमाला कोणकोणत्या नावांनी ओळखलं गेलं आणि ती नावं कुठून आली, ते इथे एका जागी मांडतो आहोत.

१९३१ : जाहिरातीतलं नाव 'हिंदुस्तानी'

'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईत, गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. काढला अर्देशीर इराणी यांनी, त्यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीतून. गोष्ट जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून घेतलेली, म्हणजे पारशी रंगभूमीची. हा धागा धरून ठेवा, कारण सिनेमाची भाषा इथूनच आली. पारशी नाटक कंपन्यांचे मालक गुजराती बोलणारे. सुरुवातीला नाटकंही गुजरातीत व्हायची. पण कंपनी मुंबईहून निघून हैदराबाद, लाहोर, कलकत्ता असा दौरा करू लागली तेव्हा सगळीकडे समजेल अशी जबान हवी झाली, आणि ती उर्दूच होती. त्यासाठी कंपन्यांनी 'मुन्शी' ठेवले. आगा हश्र काश्मिरींसारखे नाटककार याच दुनियेतले. यात भाषाप्रेम थोडं, धंद्याचा हिशोब जास्त होता. बोलपट आल्यावर तीच नाटकं, तेच मुन्शी, त्याच गझला पडद्यावर गेल्या. १९३२ च्या 'इंद्रसभा'त तर सत्तरच्या आसपास गाणी होती, आणि मूळ नाटक लखनौच्या आगा हसन अमानत यांचं, नवाब वाजिद अली शाहच्या काळातलं.

त्या दिवसांत या बोलपटांच्या भाषेला सर्रास 'हिंदुस्तानी' म्हणत. देवनागरीत लिहिली तर हिंदीजवळ, उर्दू लिपीत लिहिली तर उर्दूजवळ, आणि कानाला एकच.

'आलम आरा'चा नायक मराठी माणूस होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. मास्टर विठ्ठल. मूकपटांच्या जमान्यातला तलवारबाजीचा बादशहा. दुसऱ्या कंपनीचा करार मोडून तो इंपीरियलमध्ये आला, तेव्हा कोर्टात प्रकरण गेलं आणि त्याची बाजू मांडली बॅरिस्टर मोहम्मद अली जिनांनी! खटला जिंकला, पण पडद्यावर बोलायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. विठ्ठलची जबान या संवादांना वळेना. शेवटी त्याच्या पात्राला बराचसा काळ गुंगीत, न बोलता दाखवलं गेलं. नायिका जुबेदा ही फातमा बेगम यांची मुलगी. या फातमा बेगमनी १९२६ मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला होता आणि त्या देशातल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक मानल्या जातात. 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही, त्यामुळे तो ऐकून भाषा ठरवायची सोय नाही. पण नायकाला गप्प ठेवावं लागलं, यावरून भाषेला किती वजन होतं ते कळतं.

'हिंदुस्तानी' हे नाव कुठे गेलं?

याचं उत्तर आपल्या शेजारच्या वर्ध्यात सापडतं. हिंदी साहित्य संमेलनाशी मतभेद झाल्यावर गांधीजींनी १९४२ मध्ये वर्ध्यात हिंदुस्तानी प्रचार सभा काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं: भाषा एक, लिपी दोन, आणि प्रत्येकाने दोन्ही शिकाव्यात. मुंबईत कुलसुम सयानी 'रहबर' नावाचं पत्रक सोप्या हिंदुस्तानीत काढत, ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिपींत निघे. त्यांचा मुलगा अमीन याच कामात वाढला. पुढे १९५२ पासून रेडिओ सिलोनवरच्या 'बिनाका गीतमाला'त घराघरांत पोहोचलेली अमीन सयानींची बोली, ती ही हिंदुस्तानी.

पण तोवर फाळणी झाली होती. १४ सप्टेंबर १९४९ ला घटना समितीने देवनागरीतली हिंदी ही संघाची राजभाषा ठरवली. आठव्या अनुसूचीत हिंदी आहे, उर्दूही आहे, हिंदुस्तानी नाही. तिचा उल्लेख फक्त ३५१ व्या कलमात, हिंदीने जिच्याकडून शैली आणि शब्दप्रयोग घ्यावेत अशी भाषा म्हणून उरला. म्हणजे ज्या नावाखाली दोघींना एकत्र बसता येत होतं ते नावच सरकारी कागदातून जवळपास गेलं. आता प्रत्येक चित्रपटाला दोनपैकी एक रकाना निवडणं आलं. निर्माते धंदा करायला बसलेले. त्यांनी मोठा बाजार आणि राजभाषेचा रकाना निवडला. यात कोणाचा कट शोधू नये असं आम्हाला वाटतं. पण परिणाम काय झाला तो पाहा.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं सुवर्णपदक मराठीला मिळालं, आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षीचं सुवर्णपदक कोणाला, हे विचारा. सोहराब मोदींच्या 'मिर्झा गालिब'ला (१९५४). कथा सआदत हसन मंटोची, संवाद राजिंदरसिंग बेदींचे, गझला खुद्द गालिबच्या, गायल्या सुरैया आणि तलत महमूद यांनी. मंटो १९४८ मध्येच लाहोरला निघून गेले होते. पुरस्कार दिला गेला तेव्हा ते हयातही नव्हते. या सिनेमाला सुवर्णपदकाबरोबर आणखी एक पदक मिळालं: सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट. गालिबवरचा चित्रपट, हिंदी!

पुढे 'मुगल-ए-आजम'ला (१९६०) हिंदीचंच पदक. त्याचे संवाद लिहिणारे चौघे, अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा, एहसान रिझवी. १९७७ मध्ये सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'लाही हिंदीचाच पुरस्कार. लखनौची नजाकत पडद्यावर उतरावी म्हणून रायसाहेबांनी संवाद शमा झैदी आणि जावेद सिद्दिकी यांच्याकडून लिहून घेतले होते.

थांबा, उलट बाजूही आहे

हे वाचून "सगळा सिनेमा आपलाच" असं म्हणायला निघणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही त्याच पुस्तकासारखे वागू. 'हिंदी' या नावाखाली झाकली गेली ती एकटी उर्दू नव्हे. दिलीपकुमारच्या 'गंगा जमुना'त (१९६१) गावातली माणसं अवधीच्या वळणाने बोलतात. ते संवाद कोणी लिहिले? 'मुगल-ए-आजम'वाल्या वजाहत मिर्झांनीच. 'मदर इंडिया'च्या (१९५७) संवादातही तेच, सोबत अली रझा. पाटीवर मात्र हिंदी. पौराणिक चित्रपटांची भाषा तर खरोखर संस्कृतकडे झुकलेली हिंदी होती. कवी प्रदीप, पंडित नरेंद्र शर्मा यांची गीतं उर्दूत ओढून बसवायची गरज नाही. आणि शैलेंद्रांची गाणी? ती कोणत्या रकान्यात घालायची ते आम्हाला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि ठरवायची इच्छाही नाही.

शिवाय पुण्या-कोल्हापूरकडचा हिस्सा वेगळाच. प्रभातचे चित्रपट मराठीत आणि हिंदुस्तानीत असे जोडीने निघायचे: 'अयोध्येचा राजा', 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'शेजारी' आणि 'पडोसी'. व्ही. शांतारामांच्या 'पडोसी'त (१९४१) दोन शेजारी मित्र, एक हिंदू, एक मुसलमान. हिंदूची भूमिका केली मजहर खान यांनी आणि मिर्झाची गजानन जागीरदारांनी. आज असं कोणी करेल का, असा विचार मनात येतोच.

लताबाईंचे मौलाना

मास्टर विठ्ठलच्या गोष्टीला एक जोड आहे. १९४७ च्या सुमारास मुंबईच्या लोकलमध्ये संगीतकार अनिल विश्वास यांनी एका नव्या मुलीची दिलीपकुमारशी ओळख करून दिली. मुलगी मराठी आहे कळल्यावर, मराठी लोकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, अशा अर्थाचं काहीतरी युसुफसाहेब बोलून गेले. मुलीला ते लागलं. पण रुसून बसण्याऐवजी तिने एका मौलानांकडे उर्दूचे धडे सुरू केले. लता मंगेशकर यांनी हा किस्सा स्वतः अनेकदा सांगितला आहे, आणि दिलीपकुमारना त्या राखीही बांधत.

आम्ही हा किस्सा वर्गात सांगतो तेव्हा मुलांना खरा धक्का बसतो तो वेगळ्याच गोष्टीचा: या सिनेमात गायला उर्दू शिकावी लागायची! त्यांना वाटतं उर्दू शिकून सिनेमात काय, कुठेच काही होत नाही. त्यांना आम्ही हेही सांगतो की गुलजार आणि जावेद अख्तर आजही उर्दू लिपीत लिहितात, आणि मजरूह सुलतानपुरी हे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे पहिले गीतकार होते (१९९३ चा पुरस्कार).

मराठीच्या शिक्षकांनी इथे एक प्रयोग करून पाहावा. मराठीत 'जग' आणि 'जमीन' यांतला ज वेगवेगळा बोलतात, लिहितात मात्र एकसारखा. नुक्त्याशिवाय 'ज़' म्हणायची सवय आपल्या मराठी जिभेला आधीच आहे. जमीन, वकील, अर्ज, फिर्याद, तारीख, हजर हे शब्द तर मराठीने कधीच घरचे करून टाकलेत. वऱ्हाडच्या खेड्यातल्या माणसाला 'मुगल-ए-आजम' पाहताना दुभाषी लागला नाही, त्याचं एक कारण हेही आहे.

लिपीचं मात्र नुकसान झालं. जुन्या चित्रपटांत नाव तीन लिपींत यायचं: इंग्रजी, देवनागरी, उर्दू. ऐंशीच्या दशकापर्यंत हे सर्रास दिसे, नंतर उर्दू गेली आणि आता कित्येक चित्रपटांत देवनागरीही शोधावी लागते. संवादही नटांना रोमन अक्षरांत लिहून दिले जातात. म्हणजे हिंदी-उर्दूच्या भांडणात लिपी तिसरीच जिंकली. आमच्या अम्मींच्या पिढीत घरोघरी 'शमा' मासिक यायचं, दिल्लीहून, त्यात सिनेमा आणि अदब शेजारी-शेजारी असायचे. मुअम्मा भरण्यासाठी का होईना, पण बाया उर्दू वाचत होत्या. ते बंद पडल्यावर त्या जागी काही आलं नाही.

आणि 'बॉलिवूड'?

हे नाव ऐकून वाटतं की हॉलिवूडवरून कोणीतरी मुंबईत बसून जोडलं. पण वाट जरा वाकडी आहे. 'आलम आरा'साठी ध्वनिमुद्रणाची यंत्रं आली तेव्हा सोबत विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकी तंत्रज्ञ आला होता. तो पुढे कलकत्त्याला, टॉलीगंजच्या स्टुडिओत गेला आणि १९३२ मध्ये एका अमेरिकी मासिकात लिहिताना त्याने टॉलीगंजसाठी 'टॉलिवूड' हा शब्द वापरला. म्हणजे पहिलं 'वूड' बंगालला लागलं. मुंबईचं 'बॉलिवूड' आलं चाळीसेक वर्षांनी, सत्तरच्या दशकात. इंग्रज कादंबरीकार एच. आर. एफ. कीटिंग यांच्या १९७६ च्या एका कादंबरीत ते छापलेलं सापडतं. सुरुवातीला त्यात टिंगल होती. नव्वदनंतर परदेशातल्या भारतीयांचा बाजार वाढला, तसं तेच मानाचं झालं. १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं, पण 'ब' तिथेच राहिला. अमिताभ बच्चन, इरफान खान यांनी हा शब्द आवडत नाही असं उघड सांगितलं आहे.

आमची तक्रार नकलेची नाही. 'हिंदी सिनेमा' म्हटलं तर निदान एका भाषेचं नाव तरी येतं आणि त्यावर वाद घालता येतो. 'बॉलिवूड'मध्ये कुठलीच भाषा नाही, वाद घालायलाही जागा नाही. परदेशात तर मराठी, तमिळ, मल्याळम सगळंच त्या एका पोत्यात जातं.

व्यापाराच्या वहीत आपण

धंद्याच्या भाषेत आणखी एक नाव टिकून आहे, आणि ते खास आपलं. चित्रपट वितरणासाठी देशाचे विभाग पडलेले आहेत, त्यांना सर्किट म्हणतात. अकोला, अमरावती, नागपूर ज्या सर्किटमध्ये येतात त्याचं नाव 'सीपी बेरार'. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा इंग्रजी अमदानीतला प्रांत. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण सिनेमाच्या कमाईच्या तक्त्यात आपण अजून सीपी बेरार आहोत, आणि शेजारचा मराठवाडा 'निजाम' सर्किटमध्ये! अमरावती हे या सर्किटच्या वितरणाचं जुनं केंद्र. रिळांच्या पेट्या तिथून निघायच्या आणि अकोल्यात यायच्या. आता सगळं डिजिटल झालं, पेट्या गेल्या. नाव राहिलं. यावरून एवढं दिसतं की सोय असली की हा धंदा जुनं नाव सोडत नाही. 'हिंदुस्तानी' सोडलं, कारण त्यात सोय उरली नव्हती.

एक शिक्का अजून

'मुस्लिम सोशल'. मेहबूब खानांच्या 'नजमा'पासून (१९४३) 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'मेरे मेहबूब' (१९६३), 'पाकीजा' (१९७२) यांना समीक्षक हे नाव देतात. पात्रं हिंदू असली की चित्रपट नुसता 'सामाजिक' किंवा 'कौटुंबिक', मुसलमान असली की 'मुस्लिम सोशल'. इतिहासकार मुकुल केसवन यांनी १९९४ च्या एका लेखात दाखवलं की उर्दू, अवध आणि तवायफ यांची छाया फक्त अशा चित्रपटांवर नाही, पूर्ण हिंदी सिनेमावर आहे. पण शिक्का पडला की पाहणाऱ्याला वाटतं उर्दू म्हणजे शेरवानी, चिलमन आणि नवाबाची हवेली. आमच्या जुन्या शहरात हवेल्या किती आणि जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाणारे, मंडीत पोती उचलणारे किती, हे सांगायला नको. त्यांची उर्दू पडद्यावर क्वचित आली. एम. एस. सथ्यूंच्या 'गर्म हवा'त (१९७३) आग्र्याचा चपला-बुटांचा कारखानदार आहे, सईद मिर्झांच्या 'सलीम लंगडे पे मत रो'मध्ये (१९८९) मुंबईच्या मोहल्ल्यातला पोरगा आहे. आणखी नावं घ्यायला बसलो तर बोटं पुरून उरतात.

घरी करण्यासारखं एक काम आहे. मुलांसोबत बिमल रॉय यांचा 'मधुमती' (१९५८) लावा. गोष्टीतली माणसं हिंदू, दिग्दर्शक बंगाली, कथा ऋत्विक घटकांची. सुरुवातीची नावं पुढे ढकलू नका, वाचू द्या. संवादांच्या पुढे राजिंदरसिंग बेदींचं नाव येईल. बेदी शीख, पंजाबचे, आणि उर्दूचे पहिल्या फळीतले कथाकार. या संवादांना फिल्मफेअर मिळालं, संवादासाठी दिलं गेलेलं ते पहिलं. मग मुलांना विचारा, भाषा कोणती.

आणि परीक्षेचं? पर्यायी प्रश्न असेल तर 'हिंदी'वरच खूण करा, बेटा, मार्क घालवू नका. पण लिहायचं उत्तर असेल तर 'हिंदुस्तानी (हिंदी-उर्दू)' लिहायला हरकत नाही. पेपर आमच्याकडे तपासायला आला तर पूर्ण मार्क मिळतील.